पुरोहिताच्या हाती पुन्हा अक्षता

माटुंग्याहून वडाळ्याकडे निघालं की महापालिकेचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय लागतं. आज त्याच्या भोवती बसगाड्यांची वर्दळ आहे, इमारतींची दाटी आहे. १८९० मध्ये मात्र हा सारा भाग शहराच्या वेशीबाहेरचा. दादर-माटुंग्याची आखीव वसाहत अजून कागदावरही आलेली नव्हती. रस्त्यांवर भीक मागत फिरणाऱ्या महारोग्यांना लोकांच्या नजरेआड ठेवण्यासाठी त्या वर्षी इथं ‘होमलेस लेपर असायलम’ सुरू झालं. पुढाकार होता मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ यांचा. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साथीनं मराठी ऐतिहासिक पोवाडे जमवून १८९१ मध्ये छापणारे अ‍ॅक्वर्थ ते हेच. पोवाड्यांच्या अभ्यासकांना त्यांचं नाव ठाऊक असतं. माटुंग्यातल्या लोकांना ते रुग्णालयाच्या पाटीवरून ठाऊक असतं.

हे आश्रयस्थान नेमकं १८९० मध्येच का उभं राहिलं, याचं एक कारण मुंबईपासून हजारो मैलांवर, हवाई बेटांवर आहे. तिथं आदल्या वर्षी एक धर्मगुरू महारोगानं वारला होता.

फादर डेमियन मूळचे बेल्जियमच्या ट्रेमेलो गावचे, शेतकरी कुटुंबातले. त्यांचे थोरले भाऊ पाम्फील हेही धर्मगुरू. हवाईला खरं तर पाम्फील जायचे होते. ऐन वेळी ते तापानं आजारी पडले आणि धाकट्यानं त्यांची जागा मागून घेतली. १८६४ मध्ये डेमियन होनोलुलूला पोचले, तिथंच त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १८७३ च्या मे महिन्यात ते मोलोकाई बेटावरच्या कलाउपापाला गेले. एका बाजूला उभा कडा, तीन बाजूंना समुद्र आणि मध्ये सरकारनं आणून सोडलेले महारोगी, अशी ती वसाहत. त्याच वर्षी नॉर्वेत हॅन्सन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला. पण औषधाचा पत्ता लागायला आणखी जवळजवळ सत्तर वर्षं जायची होती.

वसाहतीचे नियम कडक होते. एकदा त्यांचे वरिष्ठ बोटीनं किनाऱ्याजवळ आले, पण त्यांना उतरायची परवानगी मिळेना. डेमियन होडी वल्हवत बोटीपाशी गेले आणि खाली होडीत उभे राहून, वर कठड्याशी उभ्या असलेल्या वरिष्ठांना ओरडून आपला पापकबुलीजबाब दिला. कबुलीजबाब म्हणजे कानात सांगायची गोष्ट. ती भर समुद्रात, खलाशांच्या देखत सांगावी लागली. निदान भोवतालच्यांना कळू नये म्हणून ते फ्रेंचमध्ये बोलले. तेव्हा ते ठणठणीत होते. माणसाला तोडण्याची रीत मात्र रोगाआधीच त्यांच्यापर्यंत येऊन पोचली होती.

अकरा वर्षांनी, १८८४ च्या डिसेंबरात, त्यांनी दमलेला पाय पाण्यात बुडवला. पाणी उकळतं होतं. कातडीला फोड आले, पण पायाला काही जाणवलंच नाही. महारोग्यांमध्ये वावरलेल्या माणसाला त्याचा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती. आईला हे कळू नये असा त्यांचा प्रयत्न होता. पण बातमी वर्तमानपत्रांतून गावी पोचलीच. १८८६ मध्ये आई गेली. मुलाला तिच्या उशाशी बसता आलं नाही, भावाला भेटता आलं नाही. उरली ती पत्रं, आणि वसाहतीतली माणसं. ती माणसंच त्यांचं घर झाली होती. त्यांच्या जखमा डेमियननी धुतल्या होत्या, त्यांच्यासाठी शवपेट्या आपल्या हातांनी केल्या होत्या, त्यांच्या पोरक्या मुलांना जवळ केलं होतं. रोग जडल्यावरही त्यांनी प्रार्थना, सुतारकाम आणि बांधकाम थांबवलं नाही. १५ एप्रिल १८८९ रोजी वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते गेले. २००९ मध्ये रोमनं त्यांना संतपद दिलं.

या मृत्यूनं जग हळहळलं आणि त्याहून जास्त घाबरलं. गोरा, धडधाकट माणूस महारोगानं मरतो, तर कुणीच सुरक्षित नाही, असं युरोपातल्या लोकांना वाटू लागलं. लंडनमध्ये निधी उभा राहिला, चौकशी आयोग हिंदुस्थानात आला. हा रोग सहजासहजी जडत नाही आणि सक्तीनं वेगळं ठेवण्याची गरज नाही, असा निष्कर्ष आयोगानं काढला. तरीही १८९८ मध्ये कायदा झाला आणि निराधार महारोग्यांना धरून आश्रयस्थानांत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला.

माटुंग्याचं आश्रयस्थान याच भीतीच्या लाटेवर उभं राहिलं. तरी अ‍ॅक्वर्थ यांना एक गोष्ट कळली होती. नुसत्या भिंती घालून माणसं थांबत नाहीत. त्यांना तिथं राहावंसं वाटलं पाहिजे. म्हणून आवारात हिंदूंसाठी देऊळ, मुसलमानांसाठी मशीद आणि ख्रिस्ती रुग्णांसाठी चॅपेल झालं. सांडपाण्यावर शेती झाली. १८९७ मध्ये तर इथल्या मैलापाण्याच्या टाक्यांतला वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवलं गेलं. जैववायूचा इतिहास लिहिणारे आजही माटुंग्याच्या या टाक्यांचं नाव घेतात. शहरानं टाकून दिलेल्या माणसांच्या वस्तीत शहरानं टाकून दिलेलं पाणीही कामाला लागलं होतं.

एक उणीव मात्र राहिली. देव आत आले, पण घरची माणसं बाहेरच राहिली.

दीर्घ दुखण्याचं खरं ओझं इथंच असतं. कुणालाही जुनाट आजार जडला की तो आधी कामावरून वजा होतो, मग पंगतीतून, मग घरातल्या सल्लामसलतीतून. धर्मकार्य करणाऱ्याच्या बाबतीत हे जास्त जिव्हारी लागतं, कारण त्याचं सगळं काम हाताचं. पाळक मुलाच्या डोक्यावर हात ठेवतो, फादर जिभेवर प्रसाद ठेवतात, भटजी वधूवरांवर अक्षता टाकतात. त्या हातालाच लोक भिऊ लागले, तर श्रद्धा मनात कितीही घट्ट असो, ती लोकांपर्यंत पोचवायची कशी?

लंडनचे पाळक चार्ल्स स्पर्जन यांचा आजार संसर्गाचा नव्हता, पण तोही जन्मभराचा. ज्यांचं प्रवचन ऐकायला हजारो लोक जमत, त्यांना संधिवातासारखी सांधे सुजवणारी गाउटची व्याधी होती, सोबत मूत्रपिंडाचा विकार आणि मनाला ग्रासणारी उदासी. त्यांच्या पत्नी सुझाना तिशीतच आजारी पडल्या आणि पुढे वर्षानुवर्षं घराबाहेर क्वचितच पडू शकल्या. पतीच्या चर्चमध्ये जाणंही त्यांना अवघड झालं. घरात दोन जुळे मुलगे आणि दोन दुखणेकरी. अशा घरातून १८७५ मध्ये सुझानाबाईंनी एक काम उभं केलं. गरीब पाळकांना पुस्तकं विकत घेणं परवडत नाही, म्हणून त्या ती फुकट पाठवू लागल्या. याद्या, हिशेब, पत्रव्यवहार, सगळं त्यांच्या हातचं. नवरा थंडीच्या दिवसांत दुखणं घेऊन दक्षिण फ्रान्सला जाई, आणि इकडे बायको घरात बसून गावोगावच्या पाळकांची कपाटं भरत असे. १८९२ मध्ये ते गेल्यावरही हे काम चालू राहिलं. या नवराबायकोला एकमेकांचं दुखणं बरं करता आलं नाही. एकमेकांचं काम मात्र त्यांनी बंद पडू दिलं नाही.

आपल्या मुलखातलं उदाहरण याहून बोलकं आहे. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित आणि स्वातंत्र्यचळवळीतले सत्याग्रही. येरवड्याच्या तुरुंगात ते गांधींच्याच वेळी होते, पण महारोगामुळे त्यांना वेगळं ठेवलेलं. भेटीची मुभा नव्हती म्हणून गांधी त्यांना चिठ्ठ्या लिहीत. पुढे १९३९ च्या सुमारास, रोग बळावलेल्या अवस्थेत, शास्त्रीबुवा सेवाग्रामला आले. आता इथंच शांतपणे मरण यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

गांधींपुढे पेच होता. आश्रमात लहान मुलं होती, आजारी माणसं होती. त्यांनी आश्रमातल्या लोकांना विश्वासात घेतलं आणि शास्त्रीबुवांना ठेवून घ्यायचं ठरलं. त्यांच्यासाठी गांधींच्या कुटीपासून जवळच झोपडी बांधली. ‘परचुरे कुटी’ आजही सेवाग्रामला पाहायला मिळते. गांधी तिथं जात, जखमा बघत, स्वतःच्या हातांनी मालीश करत. भुईवर बसून, मान खाली घालून शास्त्रीबुवांच्या पायांना तेल लावणारे गांधी, हे छायाचित्र अनेकांनी पाहिलेलं असतं.

त्या छायाचित्रात नसलेली गोष्ट त्याहून मोठी आहे. गांधी सेवा करून थांबले नाहीत. शास्त्रीबुवांकडे त्यांनी संस्कृत शिकवण्याचं काम दिलं. आणि आश्रमातल्या लग्नात पौरोहित्याला त्यांनाच बसवलं. चाळीसच्या दशकातला महाराष्ट्र डोळ्यांपुढे आणावा. महारोग्याची सावली नको म्हणणारा समाज, आणि मंगलकार्यात अपशकुन तर अजिबात खपवून न घेणारा. तिथं मंगलाष्टकं म्हणायला महारोगी पुरोहित! ज्या हातांना कुणी शिवत नव्हतं, त्याच हातांनी वधूवरांना आशीर्वाद दिला. तेल लावण्यानं शास्त्रीबुवांच्या अंगाला आराम पडला असेल; पौरोहित्यानं ते पुन्हा शास्त्रीबुवा झाले.

शेवटचा काळ त्यांनी वर्ध्याजवळच्या दत्तपूरला काढला. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये तिथं कुष्ठधाम सुरू केलं होतं. १९४५ मध्ये गांधींनी आपल्या रचनात्मक कार्यक्रमाच्या सुधारित आवृत्तीत कुष्ठसेवेची भर घातली, तिच्यामागे सेवाग्रामचा हा अनुभव होताच.

त्यानंतर औषधानं चित्र पालटलं. तोवर कडू कवठाच्या तेलाची वेदनादायक इंजेक्शनं हाच काय तो उपचार होता. चाळीसच्या दशकात सल्फोन गटातली औषधं आली, डॅप्सोनची गोळी घरी बसून घेता येऊ लागली. वर्ध्यातच १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झालं. डॉ. वारदेकर यांनी तिथं साधा मार्ग घालून दिला: गावोगाव फिरून रुग्ण शोधायचे, लोकांना समजावून सांगायचं आणि रुग्णाला घरातून न हलवता उपचार करायचे. माटुंग्यात जी उणीव राहिली होती, ती वर्ध्यानं भरून काढली.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एकाहून अधिक औषधं एकत्र देण्याची पद्धत सुचवली. आज रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत त्याच्यापासून इतरांना लागण होण्याचा धोका जवळजवळ संपतो. मुळात बहुतेक लोकांच्या शरीरात या रोगाशी लढायची ताकद उपजतच असते. जंतू अतिशय सावकाश वाढतो. लक्षणं दिसायला पाच वर्षं, कधी वीसही लागतात.

कायदा मात्र विज्ञानाच्या बराच मागून चालत आला. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची तरतूद आपल्याकडे हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती अशा वेगवेगळ्या विवाहकायद्यांत होती. २०१९ मध्ये ती काढून टाकली गेली. म्हणजे रोग पूर्ण बरा करणारं औषध हाती आल्यावरही जवळजवळ चार दशकं, रोगाच्या नावावर संसार मोडायला कायद्याची मुभा होती. घराघरांतली रीत अजूनही बदललेली नाही. वेगळा पेला, वेगळं ताट, धाकट्या बहिणीची सोयरीक मोडेल म्हणून झाकून ठेवलेला हाताचा चट्टा. २००५ मध्ये देशानं कुष्ठरोग निर्मूलनाचं ठरलेलं उद्दिष्ट, म्हणजे दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, गाठल्याचं जाहीर झालं. तरीही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात, आणि झाकून ठेवणं हे उपचार लांबण्याचं एक मोठं कारण आहे.

म्हणून देऊळ, चर्च, मशीद, विहार चालवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. दर वर्षी ३० जानेवारीला, गांधींच्या पुण्यतिथीला, देशभर कुष्ठरोगविरोधी दिन पाळला जातो. त्या आठवड्यात आपल्या व्यासपीठावरून दोन वाक्यं बोला: अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर महापालिकेच्या वा सरकारी दवाखान्यात दाखवा, औषध मोफत आहे आणि रोग पूर्ण बरा होतो. आणि बरा होऊन कुणी परत आला, तर त्याला मागच्या रांगेत बसवू नका. आरतीचं ताट, वाचनाचा ग्रंथ, प्रसादाची परात, जे काम तो आधी करत होता, ते पुन्हा त्याच्याच हाती द्या.