टर्बो मोठा, पण ब्रेक तेवढेच

मिस्त्रीने काढलेला टर्बो माझ्यासमोर धरला आणि आतल्या पात्याचं टोक चिमटीत पकडून वरखाली हलवलं. "पाहा दादा, शाफ्ट कसा खेळून राहिला." पातं नुसतं फिरत नव्हतं, डुलत होतं. त्याच्या कडा बोथट झाल्या होत्या आणि आतल्या भिंतीवर ते घासल्याची चकचकीत रेघ उमटली होती. ज्या यंत्रात केसाएवढी फट सांभाळावी लागते, तिथे बोटाला जाणवण्याइतकी ढिलाई म्हणजे खेळ संपला.

मनसरहून रामटेककडे येणाऱ्या रस्त्यावरचं हे गॅरेज. गाडी एमएच-४० पासिंगची, अडीच लिटर डिझेलची पिकअप. मालक जवळच्याच गावचा. हंगामात धान, एरवी भाजीपाला घेऊन नागपूरच्या कळमना मार्केटला जातो आणि परतीला मिळेल तो माल आणतो. कधी सिवनीचं भाडं लागलं तर खवासा ओलांडून कुरई घाट चढावा लागतो आणि तिथे गाडी दम टाकते. त्याचं म्हणणं सरळ होतं. "आता लावूनच राहिलो तं मोठाच लावू न. गाडी ओढली पाहिजे."

हे वाक्य मी गॅरेजागॅरेजांत ऐकतो. म्हणून या आठवड्यात एवढंच सांगायचं ठरवलं आहे: मालवाहू पिकअपला मोठा टर्बो लावू नका. जुना का गेला, ते आधी शोधा.

गाडी ओढते ती डिझेलच्या जोरावर, टर्बोच्या नव्हे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर टर्बोचं एक चाक फिरवतो आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचं चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरकडे ढकलतं. हवा जास्त मिळाली की जास्त डिझेल नीट जळू शकतं. पण डिझेल तेवढंच सोडलं, तर नुसत्या जादा हवेने ताकद वाढत नाही. मग पुढची पायरी येते. जुन्या गाडीत पंपाचा स्क्रू फिरवतात, नव्या गाडीत इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, रीमॅप करतात. डिझेल वाढलं की उष्णता वाढते, क्लच घसरायला लागतो, हेड गॅस्केट आणि पिस्टनवर ताण येतो. यातलं काहीही मोठ्या टर्बोबरोबर खोक्यात मिळत नाही.

आणि ज्या कामासाठी तो लावायचा, ते काम तो बिघडवतोच. मोठं चाक फिरवायला जास्त धूर लागतो, म्हणजे ते उशिरा वेग घेतं. मालवाहू पिकअपचं इंजिन मुद्दाम खालच्या फेऱ्यांत जोर देईल असं बनवलेलं असतं. या अडीच लिटर इंजिनाचा पुरा जोर मिनिटाला १,४०० ते २,२०० फेऱ्यांच्या दरम्यान मिळतो. भरली गाडी चढावर दुसऱ्या गिअरमध्ये थांबून उचलायची असते तेव्हा गरज तिथे असते. मोठा टर्बो तिथे झोपलेला राहतो. रिकाम्या गाडीने मोकळ्या हायवेवर तो शिटी मारेल, मालकही खूश होईल. घाटात मात्र काळा धूर आणि जुनीच रड.

स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीने वाया जाणाऱ्या धुरावर हवा दाबण्याच्या कल्पनेचं पेटंट १९०५ साली घेतलं, पण जहाजांच्या डिझेल इंजिनांवर ती खऱ्या अर्थाने कामी यायला १९२०चं दशक उजाडलं. मधली वीस वर्षं दाब टिकवण्यात आणि इंजिनाशी जुळणी बसवण्यात गेली. ती जुळणी आपण एका दुपारी मोडायची नसते. बीएस-६ गाडीत तर सेन्सर हवेचा दाब सतत मोजत असतो. हिशेबाबाहेर काही दिसलं की ईसीयू स्वतःच ताकद कापतो.

मग गाडी का ओढत नाही? आपल्याकडे पहिला संशयित ऊन आणि दुसरा धूळ. जानेवारीत पहाटे दहा अंश आणि मे महिन्यात दुपारी सेहेचाळीस, हा फरक एकाच गाडीला सोसावा लागतो. तापलेली हवा विरळ होते. तेवढ्याच जागेत सुमारे एक दशांश हवा कमी बसते. ती थंड करायला इंटरकूलर असतो. या गाडीचा इंटरकूलर मी वाकून पाहिला. जाळीत धानाचा भुसा, किडे आणि माती यांचा थर बसला होता. एअर फिल्टर झटकला तेव्हा लाल धुळीचा लोट उठला. एका होजची क्लिप ढिली होती आणि तिच्याभोवती ऑइलची ओल होती, म्हणजे दाबलेली हवा तिथून निसटत होती. ही तीन कामं दोन तासांची आहेत, आणि पुष्कळ वेळा हरवलेला जोर तिथेच सापडतो.

टर्बो स्वतःहून सहसा मरत नाही, त्याला ऑइल मारतं. शाफ्ट मिनिटाला लाखावर फेऱ्या घेतो आणि तो टेकलेला असतो ऑइलच्या पातळ थरावर. तो थर क्षणभर तुटला की धातूवर धातू. आमच्या घरच्या गाडीवर हे मी भोगलं आहे. एका गॅरेजमध्ये नवा टर्बो बसवून घेतला आणि आठव्या दिवशी निळा धूर सुरू झाला. दुसरा टर्बो काढला तेव्हा कारण हातात आलं: ऑइलचा बारीक पाइप. जुन्या जळक्या ऑइलचा कार्बन आत बसून त्याचं भोक सुईएवढं उरलं होतं. कोणी तो पाइप बदलला नव्हता, मीही विचारलं नव्हतं. पैसे गेले ते गेलेच, भर हंगामात गाडी दहा दिवस उभी राहिली. आईने त्या दहा दिवसांत एकदाही मला बोल लावला नाही, ते अजून लागतं.

म्हणून बसवताना समोर उभे राहा. ऑइल आणि ऑइल फिल्टर नवे. येणारा पाइप नवा, परतीचा पाइप मोकळा. ऑइलच्या फ्लॅंजला सिलिकॉन लावू देऊ नका, त्याचा तुकडा सुटून तेच भोक बुजवतो. फुटलेल्या पात्याचे कण आणि साचलेलं ऑइल इंटरकूलरमध्ये राहिलं असेल तर ते धुऊन काढलंच पाहिजे; साचलेलं ऑइल इंजिनाने ओढलं तर चावी बंद केल्यावरही डिझेल इंजिन स्वतःच्याच ऑइलवर धावत सुटतं. शेवटी टर्बोच्या तोंडात स्वच्छ ऑइल ओतायचं, डिझेल बंद ठेवून थोडा स्टार्टर मारायचा, मगच गाडी चालू करायची.

आता खरी गोष्ट. मोठ्या टर्बोची मागणी टनाटनाने जादा भरलेल्या मालातून येते, हे मालकालाही ठाऊक असतं आणि मलाही. भाडं फेरीवर ठरतं, डिझेल महागलं तरी भाडं तेवढंच राहतं, मग एका फेरीत दोन फेऱ्यांचा माल कोंबला जातो. त्याची ही कोंडी खरी आहे आणि मी ती हलकी मानत नाही. पण टर्बो वाढवला म्हणून ब्रेक वाढत नाहीत. पाटे, ॲक्सल, टायर सगळं कंपनीने ठरवलेल्या वजनाचंच राहतं. कुरई घाट चढवणारी जादा ताकद तोच घाट उतरताना तुमच्या बाजूने नसते. कायदाही इथे स्पष्ट आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा मालाला मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० असा दंड आहे. निर्मात्याच्या तपशिलाशी न जुळणाऱ्या, परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. अपघात झालाच, तर विमा कंपनीचा माणूस सगळ्यात आधी असे बदल शोधतो.

हे सगळं मी त्या मालकाला गॅरेजच्या बाकावर बसून सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग मिस्त्रीने ऑइलचा पाइप काढून माझ्या हातात न देता त्याच्या हातात दिला. त्याने तो उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिलं, दुसऱ्या टोकाने फुंकलं. हवा जेमतेम निघाली.

"नवा पाइप लाव," तो म्हणाला. "अन् टर्बो जो आहे तोच, कंपनीचा."

संध्याकाळी गाडी सुरू झाली. चाचणीला मनसरपर्यंत जाऊन परत आल्यावर सवयीने त्याचा हात चावीकडे गेला. मिस्त्रीने खिडकीतून हात घालून तो थांबवला. "दोन-तीन मिनिटं चालू राहू द्या भाऊ. गरम टर्बोतलं ऑइल असंच जळते." तिघंही गाडीजवळ उभे राहून इंजिन ऐकत होतो. शिटी हळूहळू उतरत गेली आणि मग त्याने चावी फिरवली.