गणिताचं पान पटकन उघडलं पाहिजे



हल्ली आपण स्वाध्याय आणि सराव चाचण्या मोबाईलवर देतो. मराठीचा धडा लगेच उघडतो, गणिताचं पान मात्र रेंगाळतं. आधी डॉलरची चिन्हं, तिरक्या रेघा आणि महिरपी कंस दिसतात. मग कधीतरी अपूर्णांक उमटतो. तेवढ्यात पान वरखाली सरकतं आणि मूल वाचत असलेली ओळच हरवते. हा प्रश्न नुसता तांत्रिक नाही, शिकण्याचा आहे असं मला वाटतं.

असं का होतं? साधी अक्षरं एकापुढे एक बसतात. अपूर्णांकाला मात्र वर अंश, खाली छेद आणि मधे रेघ लागते. वर्गमूळाचं चिन्ह आतल्या संख्येएवढं ताणावं लागतं. वेबवर हे काम बरीच वर्षं मॅथजॅक्स करत आलं आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्या पान उघडल्यावर गणितं शोधायच्या, चिन्हांची मापं घ्यायच्या आणि मग मांडणी करायच्या. पानावर पन्नास उदाहरणं असली की स्वस्त मोबाईलची दमछाक व्हायची.

२०१४ मध्ये खान अकॅडमीने केटेक आणलं. त्यात चिन्हांची मापं आधीच साठवलेली असतात, त्यामुळे दरवेळी मोजमाप करावं लागत नाही आणि पान कमी हलतं. २०१९ मध्ये मॅथजॅक्सही नव्याने लिहिलं गेलं आणि वेगवान झालं.

काही जण म्हणतील, एवढी कटकट कशाला, फोटो टाका! पण फोटो मोठा केला की अक्षरं फुटतात. शिवाय ज्या मुलाला दिसत नाही, त्याचा मोबाईल फोटोतलं गणित नीट वाचून दाखवू शकत नाही.

मॅथएमएल हा आणखी एक मार्ग आहे. त्यात गणिताची मांडणी ब्राउझर स्वतःच करतो. हे मानक १९९८ चं आहे, पण क्रोममध्ये ते कायमचं आलं जानेवारी २०२३ मध्ये, १०९ व्या आवृत्तीत. त्याआधीच्या क्रोममध्ये तीन छेद चार हा अपूर्णांक चक्क चौतीस दिसू शकतो! चौथीच्या मुलाने मग काय समजायचं?

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. मांडणीचं ओझं मुलाच्या मोबाईलवर टाकू नका, ते काम पान चढवण्याआधी एकदाच उरका. केटेकने तयार मांडणी आधीच करून ठेवता येते. तिच्यासोबत फॉन्ट पाठवावे लागतात, पण प्रत्येक मोबाईलला गणित नव्याने रचावं लागत नाही. आपण एकदा केलं की वर्गातल्या चाळीस मोबाईलचं काम वाचतं. नुसतं अर्धा किंवा पाव लिहायचं असेल तर ½ आणि ¼ ही तयार अक्षरं आहेतच, त्यासाठी प्रोग्राम कशाला?

"आम्हाला यातलं काय कळतं?" असं बरेच शिक्षक म्हणतील. कळायची गरजही नाही. संकेतस्थळ सांभाळणाऱ्याला एवढंच विचारा, "गणिताची मांडणी आधी होते की मुलाच्या मोबाईलवर?" आणि पान मुलांना पाठवण्याआधी घरातल्या सगळ्यात जुन्या मोबाईलवर एकदा उघडून बघा. पालकांनीही पान अडकलं तर मुलावर न चिडता शिक्षकांना कळवावं. कित्येकदा मुलाचं गणित कच्चं नसतं, पानच नीट उघडलेलं नसतं.