गरोदरपणातलं बीपी: दोष मिठाचा नाही, मग कशाचा?

सासर उदगीरला, माहेर मुखेडला. पहिलं बाळंतपण, त्यामुळे डोहाळजेवण झालं की लेक माहेरी येते. मग आठव्या महिन्यात पायावर सूज येते, डोकं दुखू लागतं आणि दवाखान्यात बीपी १५०/१०० निघतं. घरात पहिला प्रश्न येतो, "लोणचं जास्त खाल्लं का? टेन्शन घेतलं का?"

लातूर-नांदेडच्या कित्येक घरांत हा प्रसंग ओळखीचा वाटेल. पण संशोधन सांगतं, की या आजाराची सुरुवात बहुतेक वेळा त्या लोणच्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

नेमकं काय घडतं?

गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर गेलं आणि लघवीत प्रथिनं दिसली किंवा यकृत, मूत्रपिंडावर परिणाम झाला, तर त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. तो वाढून झटके आले की एक्लॅम्पसिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार जगातल्या मातामृत्यूंपैकी सुमारे १६ टक्के मृत्यू गरोदरपणातल्या बीपीच्या आजारांमुळे होतात.

यात संशोधकांचा मुख्य संशय वारेवर आहे. बाळाला रक्त मिळावं म्हणून गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्या गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात रुंद व्हाव्या लागतात. काही महिलांमध्ये त्या पुरेशा रुंद होत नाहीत. मग वारेला रक्त कमी पडतं.

पुढचा दुवा २००३ मध्ये मिळाला. भारतीय वंशाचे डॉक्टर अनंत करुमंची यांच्या अमेरिकेतल्या गटाने दाखवलं, की अशी वार एसएफएलटी-१ नावाचं प्रथिन जास्त प्रमाणात आईच्या रक्तात सोडते. त्यामुळे आईच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं आणि बीपी चढतं.

म्हणजे बीपी आठव्या महिन्यात दिसलं, तरी बिघाड अनेकदा पहिल्या काही महिन्यांतला असतो. मीठ तोडल्याने हा आजार टळतो, असं चाचण्यांमध्ये दिसलेलं नाही.

महाराष्ट्रात काय संशोधन झालं?

पुण्यात भारती विद्यापीठाच्या संशोधक साधना जोशी यांचा गट अनेक वर्षं यावर काम करतोय. प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या महिलांमध्ये ओमेगा-३ स्निग्धाम्लं कमी आणि होमोसिस्टीन जास्त असल्याचं त्यांना आढळलं. पण हे कारण आहे की आजाराचा परिणाम? ते कळण्यासाठी 'रिव्हॅम्प' अभ्यासात महिलांना गरोदरपणाच्या सुरुवातीपासून बाळंतपणापर्यंत तपासलं जातं.

नागपूर आणि बेळगावच्या महिला सहा देशांतल्या एका मोठ्या चाचणीत होत्या. पहिलटकरणींना पहिल्या तिमाहीपासून कमी डोसची अॅस्पिरिन दिली गेली. २०२० मध्ये निकाल आला. मुदतीआधीच्या प्रसूती सुमारे ११ टक्क्यांनी घटल्या. बीपीच्या एकूण प्रमाणात मात्र मोठा फरक पडला नाही. ज्यांना धोका जास्त आहे, अशांना डॉक्टर ही गोळी साधारण १२ ते १६ आठवड्यांदरम्यान सुरू करतात. स्वतःहून ती घेऊ नये.

धोका कुणाला जास्त?

पहिलं गरोदरपण, जुळी बाळं, आधीच्या खेपेला झालेला त्रास, मधुमेह, जुनं बीपी किंवा मूत्रपिंडाचा आजार, लठ्ठपणा, आई किंवा बहिणीला झालेला प्रीएक्लॅम्पसिया.

मग मराठवाड्यात अडतं कुठे?

पहिलटकरणीला धोका जास्त आणि माहेरी जाते तीच. दवाखाना बदलतो, डॉक्टर बदलतात. आधीचं बीपी किती होतं, हे नव्या ठिकाणी कुणाला माहीत नसतं. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर तपासण्याच तुटतात. किनवटसारख्या भागातून नांदेडच्या विष्णुपुरीतलं शासकीय रुग्णालय शंभर किलोमीटरहून लांब आहे. झटके आल्यावर निघणं म्हणजे उशीर.

काय करता येईल?

- पाळी चुकली की १२ आठवड्यांच्या आत आशाताईंकडे नोंदणी करा. पहिलं बीपी तेव्हाच लिहून घ्या.
- दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. बीपी आणि लघवी, दोन्ही तपासून घ्या.
- सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका. लोहाची गोळी वेगळ्या वेळी घ्या.
- माहेरी किंवा ऊसतोडीला जाताना माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या.
- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

झटके रोखणारं मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन स्वस्त आहे आणि ते काम करतं, हे २००२ मध्येच मोठ्या जागतिक चाचणीत सिद्ध झालं. पण ते मिळायला बाई वेळेत दवाखान्यात पोहोचायला हवी. म्हणून "काय खाल्लंस?" विचारण्याआधी घरच्यांनी विचारावं, "शेवटचं बीपी कधी तपासलं?"