मुलाला शुगर झाली, यात आईचा दोष नाही

लहान मुलाला मधुमेह झाला की आपल्याकडे पहिला प्रश्न आईला विचारतात, "गोड फार देत होतीस का?" मग कुणी नजर लागली म्हणतं, कुणी ताविज सुचवतं, कुणी कारल्याचा रस. मी शिक्षक आहे, डॉक्टर नाही. पण त्या आईवर होणारा आरोप खोटा आहे, हे सांगण्याइतकं विज्ञान आपल्या सर्वांना कळायला हवं.

लहान मुलांत बहुधा टाईप १ मधुमेह असतो. तो मिठाईने होत नाही. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात. जंतूंशी लढणारी आपलीच प्रतिकारशक्ती काही मुलांत या पेशींवर उलटते. पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवत असतात. इंटरफेरॉन हा निरोप पोहोचला की बीटा पेशी आपल्या ओळखीच्या खुणा जास्त दाखवू लागतात, आणि मारेकरी टी पेशींना त्या सहज सापडतात. इंटरल्युकिन-१ सारखे निरोप त्यांना आणखी दुबळं करतात. हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालतं. मूल सारखं पाणी मागू लागतं, वजन घटतं, तोवर बऱ्याच बीटा पेशी निकामी झालेल्या असतात. यात आईने काय करायचं होतं?

टी पेशींना आवरणाऱ्या टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजुरी मिळाली. लक्षणं दिसण्याआधी दिलं तर ते आजार सुमारे दोन वर्षं लांबवतं, बरा करत नाही. आजार झाल्यावर इन्सुलिन लागतंच. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ते प्रथम मिळालं. त्याआधी अशी मुलं फार दिवस जगत नसत.

म्हणून दुआ जरूर करा, पण इन्सुलिन एक दिवसही बंद करू नका. आजारी माणसाला रोज्यातून सवलत सूरह बकरामध्येच आहे. ती मुलाला नाकारणं ही परहेजगारी नव्हे.

आणि आजार लपवू नका. मुलगी असेल तर "पुढे निकाह कसा होणार" या भीतीने शाळेलाही सांगत नाहीत. मग वर्गात साखर उतरून ती घामाघूम झाली, थरथरू लागली, तर तिला ताबडतोब साखर किंवा ग्लुकोज द्यायचं, हे शिक्षकाला कळणार कसं? वर्गशिक्षकांना नक्की सांगा. आम्हा शिक्षकांनीही तिला तासाला खाऊ द्यावं, बाथरूमला जाऊ द्यावं, आणि त्यावरून कुणाला हसू देऊ नये.