आधी समुद्राचा तळ पाहा

कोकणात समुद्र घराजवळ आला की शासनाकडे एकच उत्तर तयार असते: धूपप्रतिबंधक बंधारा. निविदा काढायची, दगड ओतायचे आणि पुढच्या उधाणाची वाट पाहायची. बंधाऱ्यामागची माडाची बाग काही वर्षे वाचते, पण समोरची पुळण जाते. दगडांवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते. पुळण गेली की रापण ओढायला जागा उरत नाही आणि कासवाच्या मादीला अंडी घालायला. त्यामुळे खोल समुद्रातली वाळू आणून खचलेला किनारा भरून काढण्याचा मार्ग आपल्याकडेही गांभीर्याने तपासायला हवा. मात्र ती वाळू कोठून, किती आणि केव्हा काढायची हा हिशेब चुकला, तर रोगापेक्षा इलाज भयंकर ठरेल. या हिशेबाचा जुना अनुभव वेल्सची राजधानी कार्डिफ हिच्या गाठी आहे.

कार्डिफच्या गोदीत ब्रिस्टल चॅनलच्या तळाची वाळू जहाजांनी उतरते. दक्षिण वेल्समधल्या बांधकामाला लागणाऱ्या बारीक वाळूचा मोठा भाग समुद्रातूनच येतो. पश्चिमेला गॉवर द्वीपकल्पातल्या पोर्ट आयनन गावची पुळण खंगली तेव्हा लोकांनी बोट दाखवले ते जवळच्या हेलविक बँक या समुद्रातल्या वाळूच्या उंचवट्यावरच्या उपशाकडे. ‘सेव्ह अवर सँड्स’ या नावाने चळवळ उभी राहिली. उपसा आणि धूप यांचा संबंध शेवटपर्यंत वादग्रस्तच राहिला, कारण काम सुरू होण्यापूर्वी तळ आणि किनारा कसा होता याच्या पुरेशा नोंदी नसतील, तर नंतर काहीच सिद्ध करता येत नाही. पुढे २००४ मध्ये वेल्सच्या सरकारने वाळूउपशाचे स्वतंत्र धोरण आणले. त्याचा रोख किनाऱ्यालगतच्या संवेदनशील भागांतून उपसा दूर, खोल पाण्यात नेण्याकडे होता. किनाऱ्याजवळची वाळूची बँक ही त्या पुळणीचीच ठेव असते. वादळात वाळू तिथे जाते, शांत दिवसांत परत येते. तीच उपसून किनाऱ्यावर टाकली तर भर काहीच पडत नाही. वाळू घ्यायची तर लाटा जिथून ती परत आणू शकत नाहीत, त्या खोलीपलीकडून घ्यावी. उत्तर वेल्समधल्या कोल्विन बे इथे २०१३ मध्ये सुमारे पाच लाख टन वाळू दूरच्या समुद्रातून आणून नवा किनारा घडवला गेला.

प्रश्न फक्त वाळूचा नाही. ड्रेजर, म्हणजे वाळू उपसणारे जहाज, तळाशी नळी टाकतो आणि वाळूमिश्रित पाणी वर ओढतो. वाळू पोटात राहते. गढूळ पाणी परत समुद्रात सुटते आणि त्यातला गाळ आसपासच्या तळावर बसतो. सेव्हर्न खाडीत साबेलारिया नावाचा एक किडा आहे. पाण्यात तरंगणारे वाळूचे कण एकेक पकडून, चिकटवून तो स्वतःभोवती नळी बांधतो. हजारो नळ्या जोडून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा खडक तयार होतो आणि त्यात लहान खेकडे, शिंपले, माशांची पिल्ले आसरा घेतात. वाळूशिवाय हा किडा जगत नाही आणि गाळाचा थर बसला तर गुदमरतो. असे किती तरी जीव आपल्याही तळात आहेत. तिसऱ्या आणि खुबे वाळूत गाडून राहतात, मुडदुशी लाटांच्या फेसाखालच्या वाळूत चरते. बाहेरून आणलेल्या वाळूचा कण जाड की बारीक, तिच्यात चिखल किती, यावर हे जीव परततील की नाही हे ठरते.

अधिवास गेला तर दुसरीकडे भरपाई करू, हे आश्वासन कार्डिफने तपासून पाहिले आहे. १९९९ मध्ये खाडीच्या तोंडावरचा कार्डिफ बे बराज हा बांध पूर्ण झाला, सुमारे २०० हेक्टर क्षेत्र गोड्या पाण्याखाली गेले आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल नाहीसा झाला. बदल्यात न्यूपोर्टजवळ पाणथळ अभयारण्य उभारले गेले. चिखलावर जगणारे रेडशँक नावाचे लाल पायांचे पक्षी मात्र ऱ्हिम्नी नदीच्या मुखाशी दाटीने राहू लागले. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजीच्या अभ्यासकांनी त्यांना कडी घालून वर्षानुवर्षे मोजले. या पक्ष्यांचे वजन घटले आणि प्रौढांचे वर्षभर जगण्याचे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर आले.

भारतात समुद्रातल्या वाळूचा प्रश्न आता दारात आहे. केंद्राने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सागरी खनिजांचे १३ गट लिलावाला काढले. त्यांतले तीन कोल्लमसमोरच्या बांधकाम-वाळूचे आहेत. केरळच्या मच्छीमारांनी २७ फेब्रुवारी २०२५ ला किनारपट्टीवर हरताळ पाळला आणि पुढच्याच महिन्यात विधानसभेने विरोधाचा ठराव केला. उद्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीसमोरच्या तळाचा नकाशा निघाला, तर किनारा भरण्याच्या नावाखाली बांधकामाची वाळू काढली जाणार नाही, याची हमी आजच हवी.

वेळेचाच विचार करा. कोकणातल्या वेळास, आंजर्ल्याच्या पुळणीवर कासवांची घरटी नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत होतात आणि पिल्ले मेपर्यंत समुद्रात जातात. जून-जुलै मासेमारी बंदीचे आणि माशांच्या विणीचे. शिवाय पावसाळ्याच्या उधाणात ड्रेजर उभाही राहत नाही. हाताशी उरतात पावसाळ्यानंतरचे मोजके आठवडे आणि तेच मासेमारीच्या हंगामाची सुरुवात असतात. असे वेळापत्रक ठेकेदाराच्या सोयीने ठरू शकत नाही. ते रापणकर आणि कासवमित्रांसोबत बसूनच ठरले पाहिजे.

महाराष्ट्र सागरी मंडळाने आणि पर्यावरण विभागाने पहिला दगड किंवा पहिली वाळू टाकण्याआधी संपूर्ण कोकण किनाऱ्याच्या तळाचे, वाळूच्या प्रवाहाचे आणि जीवांचे सर्वेक्षण करून ते जाहीर करावे. ड्रेजर कोठे, किती वेळ चालला याची यांत्रिक नोंद ठेवण्याची सक्ती ब्रिटनमध्ये १९९३ पासून आहे आणि उपशाच्या क्षेत्राचा अहवाल दरवर्षी छापला जातो. तीच अट इथेही घालावी. गाळ ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर काम थांबवण्याचा अधिकार लेखी असावा. आणि हे सर्व होईपर्यंत कासवांच्या किनाऱ्यांवर नव्या बंधाऱ्यांची एकही निविदा काढू नये.