बेडकाचा हात

जपानी मेपलला जपानीत ‘काएदे’ म्हणतात. हा शब्द ‘काएरुते’, म्हणजे बेडकाचा हात, यावरून आला. पान तळहातावर ठेवा, नाव लगेच पटतं: पाच-सात बोटं फाकलेला इवलासा पंजा. १७८४ साली कार्ल पीटर थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं लॅटिन नाव दिलं, ‘एसर पामाटम’. त्यातही हाताचा पंजाच आहे. जपानी माळ्यांनी एदो काळापासून याचे किती प्रकार निवडून जपले! बी पेरून मात्र आईसारखं रोप हमखास मिळत नाही, म्हणून हवा तो वाण कलम करूनच टिकवतात. माझा जीव जडला आहे ‘सांगो-काकू’ या वाणावर. पानं गळली की त्याच्या कोवळ्या फांद्या पोवळ्यासारख्या लाल होतात, ऐन हिवाळ्यात. झाड तसं हळवं. मुळं उथळ, म्हणून बुंध्याला न टेकवता पालापाचोळ्याचं आच्छादन द्यावं. पाणी तुंबू देऊ नये. दुपारचं ऊन टाळावं, नाहीतर पानांच्या कडा करपतात. त्याला हिवाळ्याची थंड विश्रांतीही लागते, म्हणून आपल्या कोकणात ते लावण्याचा हट्ट मी कुणाला करू देणार नाही. ते पाहावं क्योतोच्या तोफुकुजी मंदिरात, नोव्हेंबरअखेरीस, लाकडी पुलावर उभं राहून: खाली सारी घळ लालभडक.