बांधावरचा साग पोरांना मोजू द्या



आज फवारणी बाजूला ठेवून बांधावरच्या सागाबद्दल थोडं बोलू.

आपल्याकडे सागाचा सौदा बहुतेक उभ्या झाडांवर, उक्ता होतो. व्यापारी बांधावरून एक चक्कर मारतो, आकडा सांगतो. घरात लग्न किंवा दवाखाना असला की आपण हो म्हणतो. वीस-पंचवीस वर्षं जपलेल्या झाडात माल किती, हे फक्त घेणाऱ्याला ठाऊक. कापूस आपण काट्यावर घालतो, दूध मापून देतो; मग लाकूडच नजरेने का विकायचं?

हिशेब सोपा आहे. जमिनीपासून साडेचार फुटांवर टेपने घेर घ्या. झाड उतारावर असेल तर उंची वरच्या बाजूने धरा. घेर ३६ इंच आला तर चौथा भाग ९. नऊ नव्वे ८१, गुणिले लांबी १० फूट, भागिले १४४. बुंध्याचा दहा फुटी ओंडका साधारण साडेपाच घनफूट. सालीसाठी थोडं कमी धरा. या चौथाई मापात खऱ्या घनफळापेक्षा सुमारे २१ टक्के माल कमी दिसतो, म्हणून दर कोणत्या मापाचा ते आधी विचारा.

तोच घेर ४२ इंच झाला तर माल साडेसात घनफुटांच्या वर जातो. घेर वाढला सहा इंच, माल वाढला तिसऱ्या हिश्शाहून जास्त. जाड मालाला दरही चढा असतो.

माझं मत असं, की हे गणित शाळेने मुलांना बांधावर आणून शिकवावं. सावलीवरून उंची काढणं म्हणजे दहावीतले समरूप त्रिकोणच. एक मीटर काठीची सावली ८० सेंमी आणि झाडाची १२ मीटर, तर झाड १५ मीटर. कुणी म्हणेल, पोरांना लाकूडतोड शिकवता काय? तसं नाही होत. दरवर्षी घेर वहीत लिहिणारी पोरगीच म्हणेल, "आबा, अजून थांबा, झाड वाढतंय."

शाळांना कंपनीने टेप द्यावेत, असं मी पुढच्या सभेत मांडणार आहे. तोवर या रविवारी घरच्या पोरांकडून पाच झाडं मोजून घ्या.

आणि हे विसरू नका: साग स्वतःच्या शेतातला असला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे तोडीला परवानगी लागते, वाहतुकीला पास लागतो.

– आपल्या कंपनीचा एक संचालक